कामासाठी स्वस्त टॅबलेट घेताना: कॅमेरा नीट पारखायचा तर…

गोदामात आलेल्या मालाचे फोटो काढायला आम्ही एकदा सहा टॅबलेट घेतले. माहितीपत्रकात ‘८ मेगापिक्सेल कॅमेरा’ असं ठळक छापलेलं होतं. पडदा झकास, वजन हलकं, भावही परवडणारा. पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की खोक्याचा फोटो छान येतो, पण खोक्यावरच्या लेबलावरचा नंबर वाचता येत नाही. जवळ जावं तर सगळं धुरकट, लांब जावं तर अक्षर मुंगीएवढं. आम्ही आधी काढणाऱ्याच्या हाताला दोष दिला, मग उजेडाला. शेवटी कळलं की त्या कॅमेऱ्यात ऑटोफोकसच नाही, म्हणजे अंतराप्रमाणे चित्र आपोआप स्पष्ट करायची सोय नाही. माहितीपत्रकात तसं कुठे लिहिलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

पहिल्यांदाच कामाच्या ठिकाणासाठी टॅबलेट निवडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. टॅबलेटचा कॅमेरा हा बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात शेवटचा मुद्दा असतो. ग्राहक टॅबलेट व्हिडिओ बघायला घेतो, फोटो तर फोननेच काढतो, असं गृहीत धरून पैसा पडद्यावर आणि बॅटरीवर खर्च होतो. त्यामुळे स्वस्त टॅबलेटचा कॅमेरा त्याच किमतीच्या फोनपेक्षा जवळजवळ नेहमीच कच्चा असतो. मात्र कामाच्या फोटोला सौंदर्य लागत नाही. तो वाचता आला पाहिजे, बस्स. तेवढ्यापुरता चांगला कॅमेरा कमी पैशांत मिळतो, फक्त तो हुडकायला लागतो.

पहिली पायरी: कॅमेऱ्याकडून काय हवंय ते कागदावर लिहा

दुकानात किंवा साइटवर जाण्याआधी, ज्याच्या हातात टॅबलेट जाणार आहे त्याच्यासोबत अर्धा दिवस काढा. तो दिवसभरात कशाकशाचे फोटो काढेल, किती अंतरावरून, किती उजेडात, एका हाताने की दोन्ही हातांनी, हे टिपून घ्या. वरिष्ठांच्या खोलीत बसून केलेली यादी आणि प्रत्यक्ष जागेवर केलेली यादी यांत फार फरक पडतो. आमच्या यादीत ‘मालाचे फोटो’ एवढंच होतं. जागेवर जाऊन पाहिलं असतं तर कळलं असतं की दहातले आठ फोटो मालाचे नसून लेबलांचे असतात.

साधारणपणे कॅमेऱ्याची कामं चार जातीची. कागद, पावत्या, लेबलं, मीटरचे आकडे असं काही टिपायचं, म्हणजे वाचनाचं काम. बारकोड आणि क्यूआर कोड स्कॅन करायचं काम. जागेची, यंत्राची, तुटफुटीची नोंद ठेवायचं काम. आणि चौथं, व्हिडिओ कॉल. पहिल्या दोन कामांना जवळचा फोकस लागतो, तिसऱ्याला कमी उजेडात तग धरणारा कॅमेरा आणि जागेची नोंद लागते, चौथ्याला मागचा कॅमेरा लागतच नाही. तुमचं काम यांतलं नेमकं कोणतं हे एकदा ठरलं की निम्मे टॅबलेट आपोआप यादीतून गळतात.

दुसरी पायरी: ऑटोफोकस आहे का?

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा. स्वस्त टॅबलेटमध्ये दोन प्रकारचे कॅमेरे येतात. एकात भिंग जागच्या जागी पक्कं बसवलेलं असतं, म्हणजे फिक्स्ड फोकस. कारखान्यातच ते अशा अंतरावर लावलेलं असतं की हातभर अंतरापासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट दिसावं. माणूस, खोली, इमारत सगळं ठीक येतं. पण वीतभर अंतरावरचं लेबल धुरकट ते धुरकटच, कितीही स्थिर हाताने काढा. दुसऱ्या प्रकारात भिंग पुढेमागे सरकतं, तोच ऑटोफोकस. कागद आणि कोड वाचायचे असतील तर हाच हवा.

माहितीपत्रकात मेगापिक्सेलच्या आकड्याशेजारी ‘एएफ’ किंवा ‘ऑटोफोकस’ असं लिहिलेलं असतं. तसं काहीच नसेल तर ‘नाही’ असं समजून चाला. ज्या कंपनीने ऑटोफोकस दिलाय ती ते सांगायला विसरत नाही.

हातात टॅबलेट असेल तर तपासणी अगदी सोपी आहे. कॅमेरा उघडा आणि वीतभर अंतरावर काहीतरी बारीक छापील धरा. पडद्यावर त्या अक्षरांवर बोट टेकवा, मग मागच्या भिंतीवर टेकवा. ऑटोफोकस असेल तर चित्र क्षणभर हलकंसं आत-बाहेर होतं, अक्षरं स्पष्ट होतात आणि भिंत विरते, किंवा उलट. इथे एक चकवा आहे. फिक्स्ड फोकसवाल्या टॅबलेटवरही बोट टेकवल्यावर पडद्यावर चौकोन उमटू शकतो. तो फक्त उजेड कमीजास्त करतो. म्हणून चौकोनाकडे बघू नका, अक्षरांच्या कडा बघा.

तिसरी पायरी: मेगापिक्सेलचा हिशेब

दुकानदार मेगापिक्सेलवर जोर देतो कारण तो आकडा सांगायला सोपा. पण तुम्हाला लागतात किती, हे पाटीवर मांडता येतं.

ए४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर, म्हणजे ११.७ इंच. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, तेव्हा ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ३२६४ × २४४८ ठिपक्यांचा. पूर्ण पान चौकटीत काठोकाठ बसवलं तर इंचाला २७९ ठिपके येतात. प्रत्यक्षात चारी बाजूंना थोडी जागा सुटतेच, तेव्हा २५० धरा. सपाट स्कॅनरवर कागदपत्रं सहसा ३०० ठिपक्यांवर स्कॅन करतात आणि २०० वरही छापील मजकूर आरामात वाचता येतो. म्हणजे एका पानासाठी ८ मेगापिक्सेल पुरतात, तेही सुखाने. ५ मेगापिक्सेलवर हाच आकडा २०० च्या आसपास येतो, म्हणजे काठावर पास. २ मेगापिक्सेलवर १३७, आणि तोही पान काठोकाठ बसवलं तर. तिथे तळटीपा आणि शिक्क्यातली अक्षरं गेलीच म्हणून समजा.

याचा अर्थ जवळून बघू. बिलाच्या तळाशी अटी छापलेल्या असतात त्या ६ पॉइंटच्या अक्षराला इंचाला २५० ठिपक्यांवर सुमारे २१ ठिपक्यांची उंची मिळते. १३७ वर ती ११ उरते. ११ ठिपक्यांत रोमन अक्षर कसंबसं ओळखू येईल, पण देवनागरीत त्याच उंचीत वरची मात्रा, अनुस्वार, रफार आणि खालचा उकार हे सगळं मावायचं असतं. अनुस्वार आधी उडतो, मग रफार. आकड्यांचंही तसंच, तीनचा आठ आणि पाचचा सहा होतो. सीरियल नंबर टिपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ए३ आकाराचा नकाशा किंवा आराखडा असेल तर ८ मेगापिक्सेलवर इंचाला दोनशेच्या थोडं खालीच ठिपके मिळतात. त्याहून मोठा कागद तुकड्यातुकड्यांत टिपावा, त्यासाठी जास्त मेगापिक्सेलच्या मागे धावू नये.

आणि हो, खोटे मेगापिक्सेलही असतात. नाव न ऐकलेल्या कंपनीचा, अविश्वसनीय स्वस्त टॅबलेट १३ किंवा २० मेगापिक्सेलचा दावा करतो, पण चित्र टिपणारा आतला सेन्सर २ किंवा ५ चा असतो आणि सॉफ्टवेअर मधले ठिपके अंदाजाने भरून फाइल फुगवतं. फाइलच्या माहितीत आकडा मोठाच दिसेल. ओळखायची खूण एकच, फोटो पूर्ण मोठा करून बघा. खऱ्या ठिपक्यांत अक्षराची कड तुटक पण ठाम दिसते, फुगवलेल्या फोटोत ती तेलकट कागदातून पाहिल्यासारखी पसरते.

चौथी पायरी: उजेड

भर दिवसा खिडकीजवळ कुठलाही कॅमेरा चांगलाच. कस लागतो तो जिन्याखाली, यंत्राच्या मागे, रॅकच्या खालच्या कप्प्यात.

माहितीपत्रकात एफ/२.४, एफ/२.०, एफ/१.८ असा आकडा दिसतो. तो जितका लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं. एफ/१.८ चं भिंग एफ/२.४ च्या मानाने सुमारे १.८ पट उजेड आत घेतं. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण अंधाऱ्या जागी तोच फोटो हलल्याचं आणि न हलल्याचं कारण ठरतो. सेन्सरचा आकारही तेवढाच महत्त्वाचा, पण स्वस्त टॅबलेटच्या माहितीपत्रकात तो क्वचितच देतात. त्यामुळे डोळ्यांनी पारखणं आलंच.

फ्लॅशचं मात्र नक्की विचारा. पुष्कळ टॅबलेटना फ्लॅश नसतोच. ॲपलच्या साध्या आयपॅडलाही नाही, आणि हे बऱ्याच जणांना घेतल्यानंतर कळतं. कागदपत्रांसाठी फ्लॅश नसलेलाच बरा, कारण लॅमिनेशनवर आणि चकचकीत लेबलावर तो पांढरा डाग पाडतो. यंत्राच्या पोटातली प्लेट वाचायची असेल तर मात्र फ्लॅश किंवा टॉर्च लागतोच. नसेल तर खिशातली छोटी विजेरी बाजूने तिरकी धरा. सरळ समोरून मारलेल्या फ्लॅशपेक्षा कोरलेले आकडे तिरक्या उजेडात जास्त उठून दिसतात.

काही ठिकाणी ट्यूबलाइटखाली किंवा एलईडीखाली फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. विजेच्या लहरींबरोबर दिवा सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होतो आणि सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून पट्टे दिसतात. काही कॅमेरा ॲपमध्ये ५० किंवा ६० हर्ट्झ निवडायची सोय असते, ती आपल्या विजेप्रमाणे लावली की बहुतेक वेळा काम होतं.

पाचवी पायरी: पुढचा कॅमेरा

व्हिडिओ कॉल असतील तरच हे वाचा. ७२० ओळींच्या व्हिडिओला एक मेगापिक्सेलसुद्धा पुरा लागत नाही, १०८० ओळींच्या व्हिडिओला दोनच्या थोडे वर. म्हणून इथे आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. टॅबलेट टेबलावर आडवा ठेवला की कॅमेरा वरच्या लांब कडेच्या मध्यावर हवा. तो आखूड कडेला असेल तर तुम्ही सगळ्या मीटिंगभर कुठेतरी बाजूला बघताय असं समोरच्याला वाटतं. साध्या आयपॅडमध्ये ही जागा २०२२ च्या दहाव्या पिढीत बदलली, त्याआधीच्या मॉडेलांत ती आखूड कडेलाच आहे. तसं पाहिलं तर कॉलमध्ये लोक चित्रापेक्षा आवाजाला वैतागतात. टॅबलेटचा माइक पारखा, किंवा सरळ हेडसेटचे पैसे बाजूला काढून ठेवा.

सहावी पायरी: कॅमेऱ्याच्या मागे उभी असलेली यंत्रणा

कॅमेरा चांगला असून टॅबलेट मठ्ठ असेल तर काही उपयोग नाही. बटण दाबल्यावर दीड सेकंदाने फोटो निघतो, तोवर हात हललेला असतो, आणि माणूस म्हणतो कॅमेरा खराब. मुळात दोष प्रोसेसरचा आणि कमी रॅमचा असतो. ४ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. कॅमेरा, कामाचं ॲप आणि नकाशा एकत्र उघडे राहायचे असतील तर ६ किंवा ८ घ्या.

साठवणीचा हिशेब असा. ८ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ एमबी. दिवसाला ४० फोटो म्हणजे १२० एमबी, महिन्याचे २५ दिवस धरले तर ३ जीबी. फोटो रोज वर चढवून पुसले जात असतील तर ६४ जीबी भरपूर झाले. तसं होत नसेल तर मेमरी कार्डाची खाच असलेला टॅबलेट घ्या. आयपॅडला ती नसते, अनेक स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटना असते.

जागेची नोंद फोटोत उमटायला हवी असेल तर जीपीएस आहे का ते बघा. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सिमवाल्यात असतो. जीपीएस नसलेला टॅबलेट आसपासच्या नेटवर्कवरून जागेचा अंदाज बांधतो. शहरात तो जमतो, मोकळ्या माळावरच्या कामाच्या जागी नाही. पाहणीचे अहवाल करणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उभ्याने, चालता-फिरता काम असेल तर ८ ते ९ इंच. ११ इंचांचा, सुमारे अर्ध्या किलोचा टॅबलेट एका हातात धरून दुसऱ्या हाताने बटण दाबायचं म्हणजे कसरत, आणि थरथरत्या हाताला ऑटोफोकसही तारत नाही. टेबलावर बसून काम असेल तर ११ घ्या. उन्हात काम असेल तर पडद्याचा उजेड किती निट्स ते विचारा. ४०० च्या आसपासचा पडदा भर उन्हात आरशासारखा होतो. काढलेला फोटो वाचता येतोय की नाही हे तिथल्या तिथे दिसलं नाही, तर चूक ऑफिसात परतल्यावरच कळते.

सातवी पायरी: कोणते टॅबलेट डोळ्यासमोर ठेवावेत

मॉडेलं बदलत राहतात, पण तुलनेला काही ओळखीची नावं बरी पडतात.

सॅमसंगचे गॅलेक्सी टॅब ए९ आणि ए९ प्लस, दोन्ही २०२३ चे. दोघांनाही मागे ८ मेगापिक्सेल आणि ऑटोफोकस आहे. ए९ चा पडदा ८.७ इंचांचा, पुढचा कॅमेरा फक्त २ मेगापिक्सेलचा. ए९ प्लस ११ इंचांचा, पुढे ५ मेगापिक्सेल. लेबलं आणि पावत्यांसाठी ए९ सारखा टॅबलेट ही माझ्या मते खालची मर्यादा, याहून खाली उतरायचं तर फार डोळसपणे.

ॲपलच्या साध्या आयपॅडची २०२१ ची नववी पिढी मागे ८ मेगापिक्सेल, एफ/२.४ ची होती. दहाव्या पिढीत मागचा कॅमेरा १२ मेगापिक्सेल, एफ/१.८ चा झाला. कमी उजेडात या दोन पिढ्यांतला फरक लगेच दिसतो. नूतनीकरण केलेला आयपॅड घेणार असाल तर पिढी विचारून घ्या. नुसतं ‘आयपॅड आहे’ यावर जाऊ नका.

धूळ, पाणी, आपटाआपटी असेल तर गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह५ हा २०२४ चा टॅबलेट नमुना म्हणून बघा. मागे १३ मेगापिक्सेल, ऑटोफोकस, फ्लॅश, आयपी६८ आणि काढता-घालता येणारी बॅटरी. स्वस्त म्हणता येणार नाही, पण पाळ्यांमध्ये काम चालतं तिथे बॅटरी बदलता येणं हीच मोठी बचत. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, त्यातला ६ धुळीसाठी, ८ पाण्यासाठी. आणि ‘मिल-एसटीडी-८१०’ असं छापलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ती अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्या ते कंपनी ठरवते आणि बहुतेक वेळा करतेही स्वतःच. कोणत्या उंचीवरून, कशावर टाकून पाहिला, ते विचारा.

मागच्या वर्षीचं मॉडेल घ्यायला हरकत नाही, टॅबलेटचे कॅमेरे दरवर्षी फारसे बदलत नाहीत. फक्त सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. अनोळखी नावाचा अँड्रॉइड टॅबलेट असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली उपकरण प्रमाणित आहे की नाही ते दिसतं. प्रमाणित नसेल तर कार्यालयाची ॲप चालतीलच असं नाही. आणि ॲमेझॉनच्या फायर टॅबलेटवर मुळात प्ले स्टोअर येतच नाही, हेही खरेदीआधी माहीत असलेलं बरं.

आठवी पायरी: दुकानातली पंधरा मिनिटं

जाताना सोबत चार वस्तू न्या. तुमच्या कामातला सगळ्यात बारीक अक्षरांचा कागद, एक चकचकीत लेबल, एक फिकट पडलेली पावती आणि एक बारकोड. दुकानातल्या शोभेच्या फुलांचा फोटो काढून काहीही कळत नाही.

आधी टॅबलेट झोपवा, मग जागा करून कॅमेरा उघडेपर्यंत मनात आकडे मोजा. तीनच्या पुढे गेलात तर दिवसाला चाळीस वेळा ते सोसायचंय हे लक्षात घ्या.

बारीक अक्षरांचा कागद काउंटरवर ठेवा, पान चौकटीत बसवा आणि दोन फोटो काढा, एक दिव्याखाली आणि एक स्वतःची सावली पाडून. आता फोटो मोठा करा आणि आधी मध्य सोडून चारही कोपरे बघा. स्वस्त भिंगं मध्यभागी बरी असतात आणि कडेला ढिली पडतात, आणि बिलाचा नंबर, तारीख, सही हे सगळं नेमकं कोपऱ्यातच असतं. सावलीतल्या फोटोत अक्षरांभोवती रंगीत रवाळपणा दिसतो का ते पाहा. थोडा चालेल. अक्षराची पोकळी भरून जात असेल, म्हणजे शून्य आणि आठ सारखेच दिसत असतील, तर तो टॅबलेट खाली ठेवा.

मग लेबल. दहा-बारा सेंटिमीटरवर धरा. चित्र एकदा पुढे-मागे होऊन थांबतं की सारखं हुडकत राहतं? सारखं हुडकणारा फोकस बारकोड स्कॅन करताना फार छळतो. क्यूआर कोडमध्ये चुका भरून काढायची सोय असते, सगळ्यात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडला ती सवलत नाही. म्हणून क्यूआर वाचला यावर समाधान मानू नका, सोबत नेलेला बारकोड वाचून बघा.

शेवटी एकामागून एक दहा फोटो भराभर काढा. पाचव्या-सहाव्यानंतर टॅबलेट अडखळतो का? त्यातले चार-पाच फोटो ई-मेलने स्वतःला पाठवा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघा. दुकानातल्या झगमगाटात, विक्रेता शेजारी उभा असताना, सगळेच फोटो बरे वाटतात.

नववी पायरी: आधी एकच घ्या

दहा हवे असले तरी आधी एक घ्या आणि आठवडाभर प्रत्यक्ष कामाला लावा. तो सगळ्यात सांभाळून वापरणाऱ्याला देऊ नका, सगळ्यात धसमुसळ्या माणसाला द्या. आठवड्याने त्याने काढलेले पन्नास फोटो घ्या आणि काम न पाहिलेल्या कुणाला तरी त्यातले आकडे वाचायला सांगा. किती चुकतात ते मोजा.

याच आठवड्यात काही गोष्टी लावून टाका.

तुमचं कामाचं ॲप कॅमेरा स्वतः उघडत असेल तर ते पूर्ण आकाराचा फोटो घेतं का ते तपासा. बरीच ॲप फाइल हलकी व्हावी म्हणून फोटो लहान करतात, आणि ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा असून हातात १ मेगापिक्सेलचा फोटो येतो. निरोपांच्या ॲपवरून पाठवलेले फोटोही असेच दाबले जातात. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेऱ्यावर केलेला सगळा खर्च या एका सेटिंगपायी पाण्यात गेलेला मी पाहिलाय.

आयपॅड असेल तर फोटो हेइक नावाच्या स्वरूपात साठतात. जुन्या कार्यालयीन संगणकांवर ते उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की साधी जेपेग फाइल मिळते.

कॅमेऱ्याला जागेची परवानगी द्यायची की नाही हे आधी ठरवा आणि वापरणाऱ्याला तसं सांगा. अनेक टॅबलेट असतील तर ते एका ठिकाणाहून सांभाळणारं एमडीएम सॉफ्टवेअर घ्या. हरवलेला टॅबलेट दुरून पुसता येतो आणि नको ती ॲप अडवता येतात. एक-दोनच असतील तर एवढा खटाटोप नको.

कव्हर घातल्यावर बारीक अक्षरांचा कागद पुन्हा एकदा टिपून बघा, फ्लॅश लावून आणि न लावता. काही जाड कव्हरांची कड भिंगाच्या इतकी जवळ येते की फ्लॅशचा उजेड तिथून परतून फोटोवर पांढरट धुकं पसरतं. आणि भिंग पुसायला मऊ फडकं टॅबलेटसोबतच द्या. ‘कॅमेरा बिघडला’ म्हणून माझ्याकडे परत आलेल्या टॅबलेटपैकी निम्मेअधिक नुसत्या बोटाच्या डागांनी बिघडलेले होते.

आमच्या त्या सहा टॅबलेटचं म्हणाल तर गोदामातून ते परत मागवले. चार भिंतीवर लावले, दिवसाचं वेळापत्रक दाखवायला. दोन मीटिंगच्या खोल्यांत आहेत, त्यांचा पुढचा कॅमेरा बरा निघाला. भिंतीवरचे सुरुवातीला चोवीस तास चार्जरला लावून ठेवले होते. त्यातल्या एकाची बॅटरी फुगून पडदाच उचलला गेला. उरलेल्यांचे चार्जर आता टायमरवर आहेत, दिवसातून दोन तास.